रेघ जुळली की हात मागे

२ मार्च

आत्या,

नमस्कार आधी, रडगाणं मागून. फोनच केला असता, पण तुझ्या कानांत अजून आकाशपाळण्याच्या जनरेटरची घरघर बसलेली आहे. मागच्या वेळी मी पाऊण तास बोलले आणि शेवटी तू म्हणालीस, "बरं, आता बोल." तेव्हा कागदच बरा.

बातमी अशी की बाहुल्यांच्या नाटकात पूर्ण आवाजाचं काम मला मिळालंय. दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे. बाहुल्या गुडघ्याएवढ्या, आणि त्यांच्याभोवतीचा समुद्र, वारा, पक्षी, पत्र्यावरचा पाऊस हे सगळं माझ्या लॅपटॉपमधून येणार. एकदा बटण दाबून गप्प बसायचं काम नाही हे. बाहुली जशी धावेल तसा वारा मी हातानं वाढवायचा, ती थबकली की वाऱ्यानंही थबकायचं. गेले कितीतरी दिवस मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतेय.

आता अडचण. वादळाच्या प्रवेशात लॅपटॉपला धाप लागते. एवढे आवाज एकदम त्याला पेलत नाहीत. बाहुली किनाऱ्याकडे धावते आणि ऐन तेव्हा समुद्र मुका होतो. आमच्या दिग्दर्शिका, ज्यांना आम्ही पाठीमागे मुकादम म्हणतो, त्या परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चोवीस तारखेला रंगीत तालीम. त्या दिवशी समुद्र थांबला तर मी जुन्या आवाजवाल्याला बोलावणार. तो जुनंपानं वाजवतो, पण वाजवतो."

म्हणून मी नवी मेमरी आणि नवी डिस्क आणून ठेवलीय. मागचं झाकण उघडायचं, जुनं काढायचं, नवं बसवायचं, एवढंच काम. पण झाकणाचे बारीक स्क्रू जागचे हलत नाहीत. कोपऱ्यातला एक मी भाजीच्या सुरीच्या टोकानं फिरवायला गेले, तर त्याच्या डोक्यावरची फुलीच गुळगुळीत झाली. शिवाय प्रत्येक स्क्रूवरून झाकणावर आलेली एक बारीक लाल रेघ आहे. ही कंपनीची खूण असणार, उघडू नका म्हणून. ती मोडली तर काही होतं का? लॅपटॉप मी जुन्या सामानाच्या दुकानातून घेतला होता, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला?

बाबांना विचारलेलं नाही. चष्म्याच्या दुकानात ते दिवसभर तिळाएवढे स्क्रू फिरवतात, त्यांना जमलं असतं. पण माझ्या कामाचा विषय निघाला की ते स्वतःचा चष्मा पुसायला घेतात. माझी इतकी नाटकं झाली, एकालाही आले नाहीत. ज्यांना माझं कामच पटत नाही, त्यांच्याकडे त्याच कामासाठी मदत कुठल्या तोंडानं मागू?

तू आयुष्यभर आकाशपाळण्याचे बोल्ट फिरवलेस. काही सुचव, आणि लवकर सुचव.

तुझा खुळखुळा

&nbsp;

६ मार्च

खुळखुळ्या,

तुझं पत्र वाचता वाचता मी उठून उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "बसून वाचा की, भाषण आहे का?" म्हटलं, आता होणारच आहे.

लहानपणी हातात डबा दिला की तासभर वाजवत बसायचीस, म्हणून तुझं नाव खुळखुळा ठेवलं. त्या खुळखुळ्याच्या हातात आज अख्खा समुद्र दिलाय, आणि तो समुद्र टीचभर स्क्रू अडवून बसलेत. हे मी चालू देणार नाही.

सगळ्यांत आधी ते 'उघडू नका' डोक्यातून काढून टाक. जी वस्तू उघडायची परवानगी नाही ती आपली नसते, आपण तिचे नुसते राखणदार असतो. आमच्या मालकानं एकदा पाळण्याच्या नव्या मोटारीला कुलूप घातलं होतं, म्हणे आतलं आम्ही बघू. मी फाटकासमोर पिंपावर चढले आणि विचारलं, वर माणसं बसणार, खाली आम्ही उभे राहणार, आणि आतलं तुम्ही कुठून बघणार, बंगल्यातून? किल्ली येईपर्यंत पाळणा फिरला नाही. किल्ली आली. माझी सगळी पुस्तकं मी त्यानंतर वाचली, आणि प्रत्येकात मला तेच कुलूप दिसलं. कोणीतरी बंद करतं, कोणीतरी म्हणतं उघडा. तू तर त्या यंत्राची मालकीण आहेस, तू कोणाच्या किल्लीची वाट बघतेस?

आता कामाचं बोलू. सुरी भाजीकडे परत पाठव. चांगल्या कडक पोलादाचा, नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर आण. खोबणीत उभा करून हात सोडलास तर तो उभाच राहिला पाहिजे. डुलला की माप चुकलं समज. लॅपटॉप बंद कर, वायर काढ, पालथा घालून टॉवेलवर ठेव. आणि मग लोक जे विसरतात ते कर. लोक फिरवतात, दाबत कोणी नाही. तुझ्या अंगातला बहुतेक जोर खाली दाबायला लाव, उरलेला चिमूटभर फिरवायला. पहिला हिसका सोडायच्या दिशेनं नको, आवळायच्या दिशेनं दे, केसाएवढा. धरून बसलेले आटे आधी त्यानं मोकळे होतात, मग उलटं फिरव. जो गुळगुळीत करून ठेवलायस त्याच्यावर रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून वरून दाब. रबर खाचेत भरून पकड देतं.

आणखी एक, आणि ह्याचं उत्तर मला उलट टपाली हवं. ती लाल रेघ कंपनीची नाही. कंपनीला कोणाची एवढी काळजी नसते. भिंग घेऊन बघ. स्क्रूवरची अर्धी रेघ आणि झाकणावरची अर्धी एका ओळीत आहेत का? नसतील तर स्क्रूवरची कुठल्या बाजूला सरकलीय? खाली जुन्या, पुसट रेघा दिसतात का? कशाला विचारते ते मागाहून.

तुझ्या बापाबद्दल काही लिहीत नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याला बोलायचं ते त्याच्यासमोर बोलेन.

आत्या

&nbsp;

१० मार्च

आत्या,

निघाला. एक निघाला, आणि मग त्याच्या शेजारचा. तू सांगितलंस तसं दाबलं, केसभर आवळलं, 'टक्' असा आवाज झाला आणि तो असा फिरला की मला वाटलं मोडलाच. मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचे काका काठीनं छत ठोकायला लागले. ते ठोकणंही छान ऐकू येत होतं, मी ते टिपून घेतलं. नाटकात दारावरची थाप म्हणून वापरीन.

पण आनंद तिथंच थांबला. बाकीचे मख्ख आहेत. दाबून दाबून तळहाताला खळगा पडला. सुरीनं बिघडवलेल्या कोपऱ्यातल्यावर रबर ठेवून बघितलं, तर रबराचाच भुगा झाला.

तुझ्या रेघेचं सांगते. चष्म्यांच्या दुकानात मिळतं तसलं एक भिंग बाबांनी मागे मला दिलं होतं, ते काढलं. आत्या, रेघा जुळत नाहीत. झाकणावरची अर्धी जागेवर आहे आणि स्क्रूवरची अर्धी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं थोडी पुढे सरकलीय, म्हणजे आवळायच्या बाजूला. आणि खाली खरंच पुसट गुलाबी रेघा आहेत, एकीखाली एक, कलिंगडाच्या फाकीवर असतात तशा. तुला हे तिथं बसून कसं कळलं?

माझा अंदाज सांगते. त्या दुकानात एक दांडगा माणूस बसायचा, पंख्याचं बटणसुद्धा बुक्की मारून दाबायचा. त्या रेड्यानंच हे आवळले असणार. मिळाला तर मी त्याला हे स्क्रू दाताने काढायला लावणार आहे.

तालमी रोज चालू आहेत. काल मुकादम माझ्या टेबलापाशी आल्या, लॅपटॉपवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाल्या, "काय म्हणतोय पेशंट?" मी म्हटलं, ऑपरेशन चालू आहे. त्या म्हणाल्या, "नातेवाइकांना कळवून ठेव."

तुझा खुळखुळा

&nbsp;

१३ मार्च

खुळखुळ्या,

घाईत लिहिते, टपालवाला गल्लीच्या तोंडाशी दिसतोय.

ती रेघ नेलपॉलिशची आहे. रंगवणाऱ्यानं नुसती रेघ नाही ओढली, पुन्हा पुन्हा ओढली, आणि दर वेळी थोडं थोडं आट्यांत झिरपलं. वाळलेलं नेलपॉलिश म्हणजे डिंकच. तू इतके दिवस जोराशी भांडत होतीस, भांडण चिकटपणाशी होतं.

नेलपॉलिश काढायचा द्रव आण. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळ, बुडव, निथळू दे, आणि स्क्रूच्या डोक्याच्या कडेला फक्त टेकव. ओतायचं नाही. प्लास्टिकला लागलं तर प्लास्टिक वितळेल, म्हणून तुझं झाकण धातूचं आहे ना ते आधी बघ. खिडकी उघडी ठेव, जवळपास काही पेटतं नको. थोडा वेळ थांब, पुसून काढ, परत टेकव. मग पूर्वीसारखं दाबून, केसभर आवळून, सोड.

आणि त्या दुकानदाराला रेडा म्हणू नकोस. रेडा एकदा धडक देतो आणि आपल्या वाटेनं जातो. हा माणूस पुन्हा पुन्हा आलाय. आवळलं, रेघ ओढली, गेला. परत आला, जुळलेली रेघ बघितली आणि तरीही आवळलं. हे अंगातल्या रगीनं होत नाही, भीतीनं होतं. मी जगभरच्या जुलमी राजांबद्दल वाचलंय; रगेल माणूस एकदा आवळून झोपी जातो, भ्यालेला रोज उठून आवळतो.

एवढंच सांग: तू सुटीला घरी जातेस तेव्हा हा लॅपटॉप कुठे ठेवतेस?

आत्या

&nbsp;

१७ मार्च

आत्या,

तू चेटकीण आहेस. काडी टेकवली, लाल पाणी सुटलं, पुसलं, परत टेकवली. खोलीभर असा वास सुटला की खालचे काका काठी न आपटता स्वतः वर आले आणि म्हणाले, "आता काय रंगवताय?" मी म्हटलं, पुसतेय. त्यांना खुर्ची दिली. पहिला स्क्रू सुटला तेव्हा ते बसले होते, दुसऱ्याला उठून उभे राहिले, तिसऱ्याला म्हणाले, "थांब थांब, चहाची कपबशी बाजूला घेऊ दे, मला नीट बघू दे." एकामागून एक सगळे आले. मी ते बशीत टाकत होते आणि बशी वाजत होती, आणि आम्ही दोघं दर वेळी 'आला' म्हणत होतो.

मग तो कोपऱ्यातला उरला. मी सुरीनं बिघडवलेला. त्याच्यावरची रेघ पुसली गेली, चिकटपणाही गेला असेल, पण धरायला काही राहिलंच नाही. स्क्रू ड्रायव्हर त्याच्यात नुसता गोल फिरतो, वाटीत चमचा फिरावा तसा. झाकण तीन कोपऱ्यांनी उचललं जातं आणि चौथा कोपरा धरून ठेवतो. आतली मेमरीची जागा मला फटीतून दिसते, हात जात नाही. काका म्हणाले ओढून काढ. ओढलं तर झाकण वाकेल, आणि आतलं काय तुटेल ते सांगता येत नाही. मी नाही ओढलं.

दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तो म्हणतो ठेवून जा, महिना लागेल. तालीम चोवीसला आहे. आज मुकादमांनी माझ्यादेखत जुन्या आवाजवाल्याला फोन केला. "येऊन बसा," म्हणाल्या, "लागलात तर लागलात." तो आलाच तर माझा समुद्र त्याच्या टेपेवरचा होणार. बाहुली धावली काय नि थांबली काय, त्याच्या लाटा आपल्या ठरल्या वेळीच फुटणार. आत्या, मी त्या बाहुलीला वारा दिलाय. तो परत काढून घ्यायचा म्हणजे काय, ते मलाच माहीत.

तू विचारलंस ते: घरी गेले की लॅपटॉप बाबांच्या टेबलावर असतो. माझ्या खोलीत आता शिवणयंत्र आहे. पण ते त्याला हात लावत नाहीत. पुसायचं फडकंसुद्धा त्याच्या कडेकडेनं फिरवतात. का गं?

तुझा खुळखुळा

&nbsp;

२० मार्च

धाकट्या,

सापडलास.

तू त्या चष्म्याच्या दुकानात बसून आता चष्मा पुसत असशील, तर तो नीट डोळ्यांवर ठेव आणि वाच. पोरीच्या लॅपटॉपच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशची रेघ आहे. जगात अशी रेघ ओढणारे असतील पुष्कळ, पण जुन्या रेघेवर नवी, नवीवर आणखी नवी ओढणारा मी एकच वाढवलाय.

आठवतं ना, पाळण्यावर माझ्या हाताखाली होतास तेव्हा माझ्या रेघेची किती टिंगल केलीस ती? "ताईनं स्वतःच्या नखांना कधी लावलं नाही, बोल्टांना लावते," म्हणून सगळ्या कामगारांना हसवायचास. आणि आता तीच बाटली विकत आणून, लेक झोपलेली असताना, सकाळी लवकर उठून तिच्या यंत्राला लावतोस. मला हे कळलं तेव्हा मी घरात एकटीच होते आणि तरी मोठ्यांदा हसले. इतकी खूश मी ती किल्ली मिळाली तेव्हाही झाले नव्हते.

पण शिकलास ते अर्धंच. रेघ कशाला असते रे? रोज सकाळी पाळण्याखालून फिरायचं, एकेक बोल्ट बघायचा, रेघ तुटली असेल तरच पान्हा लावायचा. जुळलेली असेल तर पुढे जायचं. रेघ जुळली की हात मागे, हे तुला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू जुळलेली रेघ बघतोस, आणि तरीही तुला राहवत नाही. पुन्हा आवळतोस. जास्त आवळलेला बोल्टसुद्धा तुटतो, हे तुला मी सांगायला हवं?

आणि नाटकाचं. तू का जात नाहीस ते मला माहीत आहे. तिथं डोक्यावर दिवे टांगलेले असतात, आणि ते कोणी टांगले, कसे आवळले, ते तुला माहीत नसतं. खुर्चीत बसून तू नाटक बघणार नाहीस, छत बघशील. मीसुद्धा पूर्वी छतच बघायचे. पण पोरीला वाटतं बापाला तिचं काम पटत नाही. हे तिनं मला लिहिलंय, आणि ते वाचून मी तुझी बाजू घेतली नाही, कारण तू कधी तोंड उघडशील म्हणून मी वाट बघत बसले होते. आता वाट बघणं बंद.

ऊठ. चोवीस तारखेला तिची रंगीत तालीम आहे. कोपऱ्यातला एक स्क्रू निघत नाही, त्याची खाच गेलीय. तो तूच आवळलास, काढायलाही तूच जा. तुझी चामड्याची पेटी घे, त्यात सहा पाकळ्यांच्या टोकाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर असला तर बरा, नसला तर विकत घे. हे पत्र मिळाल्यावर मिळेल ती गाडी पकड.

ताई

&nbsp;

२५ मार्च

आत्या,

कुठून सुरू करू? दारापासून करते.

परवा सकाळी दार वाजलं. उघडलं तर बाबा. हातात ती चामड्याची पेटी, काखेत घडी केलेली छत्री, उन्हात. मी म्हटलं, "तुम्ही? काय झालं?"

"ताईचं पत्र आलं."

"काय लिहिलंय?"

"शिव्या," म्हणाले, आणि चपला काढून आत आले.

टेबलापाशी बसले, पालथ्या लॅपटॉपकडे बघितलं, बशीतले स्क्रू बोटानं बाजूला सारले. मी म्हटलं, बघा ना बाबा, कोणी एवढे आवळले असतील. ते म्हणाले, "असेल कोणी घाबरट." आणि पेटी उघडली. स्क्रू ड्रायव्हर ओळीनं लावलेले, चिमटे, भिंग, आणि कोपऱ्यात लाल नेलपॉलिशची बाटली. अर्धी संपलेली.

मी बाटलीकडे बघितलं, मग बशीकडे, मग बाबांकडे. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. आणि आत्या, पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की तो चष्मा स्वच्छच असतो.

"का बाबा?" म्हटलं.

"ते यंत्र घेऊन तू शिडीवर चढतेस," म्हणाले. "एकदा सांगितलं होतंस."

"शिडीवरून पडले तर मी पडेन. त्याचे स्क्रू घट्ट असून काय उपयोग?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. मग म्हणाले, "तुला कसं आवळणार?"

मला हसू आलं आणि मग त्यांनाही. खालचे काका वर आले होते, त्यांना काहीच कळलं नाही, पण तेही हसले.

मग काम. सहा पाकळ्यांचा एक स्क्रू ड्रायव्हर घेतला, खाचेपेक्षा किंचित मोठा. तो गुळगुळीत झालेल्या भोकावर उभा धरला आणि छोट्या हातोडीनं वरून हलके हलके ठोकला, टोक आत रुतेपर्यंत. मला म्हणाले, "धर." माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला आणि दाबलं. मी फिरवायला गेले तर म्हणाले, "अजून नाही. दाब आधी." तुझंच वाक्य. मग केसभर आवळलं, मग उलटं. आणि तो सुटला. 'टक्' नाही, वेगळाच आवाज झाला: पत्रा फाटावा तसा, कोरडा, लांब. मी रेकॉर्डर चालूच ठेवला होता. तो आवाज माझ्याकडे आहे.

झाकण उघडलं. आत धूळ, पंख्याच्या पात्यांत एक केस, आणि जुनी मेमरी. नवी मेमरी बसली तेव्हा जो खट्ट आवाज झाला तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. नवी डिस्क बसवली, सगळे आवाज तिच्यावर चढवले, नाटक उघडलं, वादळ सुरू केलं. मग त्यात आणखी वारा घातला. आणखी. काका म्हणाले, "माझी खिडकी लावून येतो," आणि खरंच उठले.

काल तालीम झाली. जुना आवाजवाला मागच्या खुर्चीत टेप मांडीवर घेऊन बसला होता. बाहुली धावली, समुद्र धावला. ती पायरीवर थबकली, वारा थबकला. अख्ख्या प्रवेशात लॅपटॉपनं श्वास चोरला नाही. आणि दीपगृहाचा पत्रा उडतो तिथं मी त्या स्क्रूचा आवाज संथ करून, मोठा करून लावला. मुकादम खुर्चीतून उठल्या. प्रवेश संपल्यावर त्या मागे वळून म्हणाल्या, "तुम्ही टेप घरी घेऊन जा. चहा पिऊन जा." जुना आवाजवाला माझ्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, "पत्रा कुठला?" मी म्हटलं, खूप छोटा आहे. त्याला खिशातून तो स्क्रू काढून दाखवला. तो हसला आणि चहाला गेला.

बाबा तालमीला आले नाहीत, बाहेर बाकावर बसले होते. पण पहिल्या प्रयोगाला येतो म्हणालेत. पाच तारखेला.

झाकण सध्या मी नुसतं बोटानं टेकवून बसवलंय. बिघडलेल्या स्क्रूच्या जागी बाबांनी पेटीतला एक नवा दिला. आता किती आवळू? त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताईला विचार. माझ्या हातावर भरवसा नाही."

तुझा खुळखुळा

&nbsp;

२९ मार्च

खुळखुळ्या,

पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या घरचे लोक विचित्र आहेत." मी म्हटलं, बरोबर बोललीस.

किती आवळायचं ते सांगते. स्क्रू ड्रायव्हर अंगठा आणि दोन बोटांत धर, मुठीत धरू नकोस. फिरव. तळाला टेकला की बोटांना कळतं; तिथून पुढे जेमतेम एवढं की परत हलणार नाही. जिथं तुला वाटेल 'अजून थोडं', तिथं थांब. ते अजून थोडं स्क्रूला लागत नसतं, आपल्याला लागत असतं.

मग बाबाकडून ती बाटली घे आणि रेघ तू ओढ, पण स्क्रूच्या डोक्यावरून झाकणावर, अगदी बारीक. आट्यांत उतरू देऊ नकोस. म्हणजे पुढच्या वेळी उघडताना चिमणीएवढा जोर पुरेल. आणि पुढची वेळ येणार. यंत्र उघडत राहायचं, मेमरी वाढवत राहायची, समुद्र मोठा करत राहायचा.

पाच तारखेला माझ्या वाटणीचं तूच ऐकून घे. माझ्या कानात जनरेटर आहे, पण मला तो समुद्र कसा असेल ते कळतं.

आत्या

&nbsp;

६ एप्रिल

ताई,

काल नाटक बघितलं. दुसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची. वर बघायचं नाही असं तू म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणून आधीच मान खाली घालून आत गेलो.

एकदाच वर बघितलं. वादळात. पत्रा उडाला तेव्हा मला खरंच वाटलं छतातलं काहीतरी सुटलं. छत जागेवर होतं. शेजारची बाईसुद्धा वर बघत होती. तो आवाज मी आवळलेल्या स्क्रूचा होता, असं पोरीनं नंतर सांगितलं.

त्यानंतर मी खालीच बघत होतो. बाहुली धावते तेव्हा वारा बरोबर तिच्या मागून येतो. आपल्याला वाटतं वाराच तिला ढकलतोय.

सगळे चहा प्यायला गेले तेव्हा लॅपटॉप टेबलावर होता. मी पालथा करून बघितला. रेघा तिनं ओढल्यात, तुझ्यापेक्षा बारीक. भिंगानं तपासल्या. सगळ्या जुळलेल्या आहेत.

पेटी बरोबर होती. उघडली नाही.

धाकटा